तिथीची पाऊणपट

नवी मुंबईच्या दिवाळे किंवा सारसोळे कोळीवाड्यातल्या जुन्या कोळ्याला भरती कधी आहे विचारलं, तर तो मोबाइल काढत नाही. आज तिथी कोणती ते आठवतो, तिची पाऊणपट करतो आणि वेळ सांगून मोकळा होतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला एक भरती आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे दुसरी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. अचूक आकडा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतोच. पण महिन्यातले कोणते दिवस कामाचे आणि कोणते फुकट, हे भिंतीवरच्या कालनिर्णयकडे एक नजर टाकून कळतं. ठाणे खाडीवर रोहित पक्ष्यांचे, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्यांना सरळ फ्लेमिंगो म्हणतात त्यांचे, फोटो काढायला निघणाऱ्याने लेन्सच्या किमती बघण्याआधी हा पाढा शिकून घ्यावा.

कारण इथे पक्षी कुठे असेल हे पाणी ठरवतं. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि सगळे थवे मधल्या चिखलावर पसरतात. लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित कोळंबीसारखे बारीक जीव टिपतो. दोघांचंही ताट चिखलात वाढलेलं. काठावरून ते दिसतात कसे, तर क्षितिजाखाली खडूने ओढलेल्या गुलाबी रेघेसारखे. भरती चढू लागली की ताट बुडतं, आणि मग थवे उठून काठाजवळच्या उथळ पाणथळींत येतात: नेरुळला पाम बीच रोडलगत टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे, एनआरआय संकुलाच्या बाजूला, डीपीएस तलावावर. तिथे बरेचसे एका पायावर उभे राहून, मान पाठीत खुपसून, पाणी उतरायची वाट बघतात.

अंतराचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे तिथी कशासाठी ते पटेल. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा आणि 400 एमएम लेन्स धरू. 50 मीटरवर चौकटीची उंची सुमारे 2 मीटर भरते. सव्वा मीटर उंचीचा मोठा रोहित त्यात जवळजवळ दोन तृतीयांश जागा व्यापतो. 100 मीटरवर तोच एक तृतीयांश होतो. ओहोटीला 300 मीटरवर असलेला पक्षी चौकटीच्या नवव्या हिश्शाएवढा उरतो, आणि मग घरी येऊन तो कापून मोठा करायचा म्हणजे पाण्यात पाणी घातलेलं ताक. 400 ऐवजी 600 एमएम घेतली तर पक्षी दीडपट होतो. बरोबर तिथीला गेलात तर सहापट. त्याला पैसेही पडत नाहीत.

आता यात एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी लवकर येते, उजेड कोवळा असतो, सगळं छान जुळतंय असं वाटतं. पण अष्टमीची भरती भांगाची. पाणी पुरेसं चढत नाही, चिखलाचे उंचवटे कोरडे राहतात, आणि जेवायला जागा शिल्लक असेल तर पक्षी कशाला हलतील? उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांच्या उधाणाला पाणी भरपूर, पण भरती ऐन दुपारी. तेव्हा थवे तलावावर येतात खरे, पण डोक्यावरचं ऊन पिसांचा पोत मारून टाकतं आणि पोटाखाली काळी सावली पाडतं. मधला मार्ग एकादशी ते त्रयोदशीचा. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, पाणी चढत्या भाजणीतलं, आणि पक्षी तलावावर उतरायला सुरुवात होते ती भरतीच्या तास-दीड तास आधी, म्हणजे नेमकी चांगल्या उजेडात. दुपारी जाणाऱ्यांसाठी चतुर्थी ते षष्ठी: भरती तीन ते साडेचारला, आणि पाणी उतरताना पक्षी परत निघतात तेव्हा ऊन तिरपं झालेलं असतं. दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून वेळ तिथीवरून काढली तरी उंची तक्त्यातच बघावी.

दिशेचं गणितही याच काठाने सोपं केलंय. नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला. सकाळी खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यावर समोरून उजेड पडतो. संध्याकाळी तोच सूर्य लेन्समध्ये घुसतो. मग एकतर सरळ काळ्या आकृत्या काढाव्यात, नाहीतर बांधाला वळसा घालून तलावाच्या पश्चिमेकडून पूर्वेला बघत बसावं. समोरच्या भांडुपच्या काठावर हे सगळं बरोबर उलटं.

वाऱ्याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते निम्मे फसलेले फोटो तिथेच फसतात. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात, ते इथे कामाला येतात. पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे आपल्या पाठीमागून. दुपारपासून तो समुद्राकडून येतो. रोहितसारखा जड पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि वाऱ्याच्या विरुद्धच झेप घेतो, कारण समोरून हवा मिळाली की पंखाला उचल लवकर मिळते. सकाळी नवी मुंबईच्या काठावर बसलात तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून धावत येतील. त्याच जागी दुपारी चारला बसलात तर शेपट्यांचे उत्तम फोटो मिळतील.

त्या उड्डाणाचंच जरा जवळून. आधी एखादा पक्षी मान पुढे झुकवतो, अंग वाऱ्याकडे वळवतो. शेजारचे दोन-तीन त्याचं बघून वळतात. मग पंख उघडतात, आणि जो पक्षी इतका वेळ नुसता गुलाबी-पांढरा दिसत होता त्याच्यातून लालभडक पट्टा आणि काळी पिसं एकदम बाहेर येतात. तो पाण्यावर धावू लागतो. प्रत्येक पावलाला एक गोल थेंबांचा उडतो, पाच-सात पावलं, शेवटच्या दोन पावलांत बोटं पाण्याला नुसती चाटून जातात, आणि पाय मागे सरळ होतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आटपतं. पंख उघडल्यावर कॅमेरा उचलणाऱ्याला मागची पावलंच मिळतात. मान झुकली की फोकस धरायला सुरुवात करायची. शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, एका बिंदूऐवजी छोट्या गटाचा. आणि झूम मुद्दाम मागे घ्यायची, 400 ऐवजी 250-300 एमएमवर. मोठ्या रोहितचे पंख उघडले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर होतात. उभ्या पक्ष्याला नेमकी बसलेली चौकट उडत्या पक्ष्याचे पंख कापते, आणि कापलेला पंख कुठल्याच सॉफ्टवेअरला शिवता येत नाही.

हे उड्डाण आपण घडवून आणायचं नसतं. टाळी वाजवणारे, खडा मारणारे, बांधावरून मुद्दाम धावत जाणारे महाभाग दर हंगामात दिसतात. भरतीचा वेळ हा त्या पक्ष्याचा विसाव्याचा वेळ आहे, आणि उठवलेला थवा पाणी भरलेल्या खाडीवर घिरट्या घालत राहतो, कारण उतरायला दुसरी जागा नसते. फोटोतही ते लपत नाही: घाबरून उडालेल्या थव्याच्या सगळ्या माना कॅमेऱ्यापासून दूर वळलेल्या असतात.

पक्षी अस्वस्थ झालाय हे त्याच्या मानेवरून वाचता येतं. पहिली पायरी, चोच पाण्यातून वर येते आणि पुन्हा खाली जात नाही. दुसरी, आजूबाजूच्या सगळ्या माना ताठ आणि सगळे एकाच दिशेने बघतायत. तिसरी, थवा आवाज न करता तुमच्यापासून लांब चालू लागतो. पहिल्या पायरीवर जागीच थांबलात तर दहा मिनिटांत चोची परत पाण्यात जातात. तिसरीवर गेलात की ती सकाळ संपली. नवशिक्यांचा एक गोंधळ इथे होतो. हिवाळा सरताना थवे दाटीवाटीने माना उंच करून, डोकी डावी-उजवीकडे झटकत, गलका करत संचलन करतात. ती भीती नव्हे, ते जोडीदारासाठीचं मिरवणं. तेव्हा खुशाल बसून फोटो काढावेत.

बसून, यावर भर द्यायला हवा. बांधाच्या माथ्यावर उभा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताडासारखा दिसतो. उताराला, माथ्याच्या खाली बसलं की आकृती मोडते आणि कॅमेराही पक्ष्याच्या पायांच्या पातळीला येतो. मागची खारफुटी मऊ हिरवी होते, प्रतिबिंब पूर्ण मिळतं. ट्रायपॉडपेक्षा इथे बीन बॅग बरी: जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडं शिवलेली, आत दीड किलो हरभरे. गुडघ्यावर ठेवा, दगडावर ठेवा, गाडीच्या काचेवर ठेवा. चिखलात मात्र उतरू नये. वरून घट्ट दिसणारा खाडीचा चिखल मांडीपर्यंत गिळतो, आणि चढतं पाणी ज्या बाजूने यायला नको त्याच बाजूने आधी येतं.

उजेड मोजताना कॅमेरा दोनदा फसतो. मागे गर्द खारफुटी असेल तर त्याला चित्र काळोखं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि पक्ष्याची पांढरी पिसं जळून कागद होतात. तिथे एक्स्पोजर 0.7 ते 1 स्टॉप कमी करावं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मागे चकाकतं पाणी असेल तर उलटं, पक्षी काळवंडतो, म्हणून 0.3 ते 0.7 वाढवावं. पण रोहितच्या बाबतीत तिसरी, जास्त फसवी गोष्ट आहे. गुलाबी-लाल पिसात लाल रंगाचा अंश इतका जास्त असतो की एकूण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसत असताना लाल वाहिनी आधीच उजव्या भिंतीला आपटलेली असते. मग पंखावरचा लाल भाग सपाट, प्लास्टिकसारखा दिसतो आणि लोक लेन्सला दोष देतात. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करावा, लाल टोकाला चिकटला तर आणखी एक तृतीयांश स्टॉप खाली यावं, आणि रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढावं. घरी बसून गुलाबी रंग चढवण्याचा मोह होतो तोही आवरावा. हा रंग अन्नातून मिळतो आणि मुरायला काही वर्षं लागतात. थव्यात राखाडी, मळकट पांढरी पिल्लं असतातच. सगळा थवा लग्नाच्या मांडवासारखा गुलाबी केला की जाणकाराला एका नजरेत कळतं.

थव्याचा फोटो आणि एका पक्ष्याचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 400 एमएमला 50 मीटरवर छिद्र एफ/5.6 ठेवलं तर स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन मीटर मिळते, एफ/8 ला पाच. वीस पक्ष्यांची रांग त्यात बसत नाही. म्हणून थव्याला एफ/8 ते एफ/11, फोकस पुढच्या तिसऱ्या-चौथ्या पक्ष्याच्या डोळ्यावर. एकट्याला लेन्सचं सगळ्यात मोठं छिद्र. डोळा आपोआप ओळखणारी यंत्रणा नव्या कॅमेऱ्यांत चांगली असते, पण दाट थव्यात ती या डोळ्यावरून त्या डोळ्यावर उड्या मारते; तिथे ती बंद करून छोटी चौकट आपण ठेवावी.

आणि साडेनऊ वाजले की, फेब्रुवारीनंतर तर नक्कीच, बॅग आवरावी. चिखल तापतो, त्यावरची हवा हलू लागते आणि शंभर मीटरवरच्या पक्ष्याचे पाय थरथरलेल्या शाईसारखे दिसतात. स्क्रीनवर मोठं करून पायांच्या कडा बघा. त्या वळवळत असतील तर लाखाची लेन्सही काही करू शकत नाही, शटर वाढवूनही उपयोग नाही. गाडीतून फोटो काढणाऱ्याने इंजिन बंद ठेवावं, बॉनेटवरची गरम हवाही हाच घोळ घालते. ठाण्याचा माणूस असेल तर या वेळी मामलेदारची मिसळ हा जास्त शहाणपणाचा पर्याय.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. त्या पाण्यात शिरायचा रास्त मार्ग हाच. बोटीच्या वेळा रोज बदलतात, कारण त्याही भरतीवर चालतात. पाणी अर्धं चढलेलं असताना चिखलाचे पट्टे अरुंद होतात आणि पक्षी कडेला दाटतात, तेव्हाची फेरी सगळ्यात चांगली. बोटीत ट्रायपॉड, मोनोपॉड घेऊन जाऊ नये. इंजिनाची थरथर त्यातून सरळ कॅमेऱ्यात चढते. कोपर अंगाला, स्थिरीकरण चालू, शटर 1/1600 च्या खाली नाही. इथे 100-400 पुरते, 600 ची हलत्या बोटीत अडगळच होते. खारफुटीच्या कडेला नजर ठेवावी. सकाळच्या ओहोटीला कधीकधी सोनेरी कोल्हा चिखलावरून चालत जातो, आणि सगळी बोट गुलाबी थव्याकडे बघत असते.

खाडीची सवय झालेला कॅमेरा येऊरला नेला की पहिल्या तासात फजिती होते. ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 मध्ये ज्या कारणांसाठी ती मिळते त्यांत छायाचित्रण आहेच. सावलीत 1/2000 विसरा. स्वर्गीय नर्तक फांदीवर बसला तर 1/200, आयएसओ 3200, आणि पाच-पाच फोटोंचे झटके. पहिला बोट दाबल्याने हलतो, शेवटचा बोट उचलल्याने, मधला एखादा काचेसारखा येतो. व्हाइट बॅलन्स आपोआपवर सोडला तर पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड पांढऱ्या पिसांवर बसतो. तो ढगाळ किंवा उन्हाच्या ठरावीक सेटिंगला बांधून ठेवावा. बिबट्याबद्दल एवढंच: सोसायटीच्या भिंतीवर तो दिसल्यावर मोबाइल घेऊन खाली धावणारी गर्दीच प्रसंग बिघडवते. गॅलरीतून काढा आणि वनखात्याला कळवा.

त्याच उद्यानाच्या बोरिवलीकडच्या सफारीत बसच्या जाळीतून फोटो काढावे लागतात. जाळी घालवायची युक्ती जुनीच आहे. लेन्सचं तोंड जाळीला जवळजवळ टेकवायचं, सावलीतला भाग निवडायचा, छिद्र पूर्ण उघडं, 200 एमएमच्या पुढे, आणि वाघ जाळीपासून चार-पाच मीटर तरी लांब हवा. उन्हात चमकणारी जाळी मात्र धुक्यासारखी सगळ्या फोटोवर पसरते.

घोडबंदर रोडला ओवळ्याची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी. साडेआठ ते साडेदहा ती पंख उघडून ऊन खातात, नंतर हाताला लागत नाहीत. ब्लू मॉर्मन, म्हणजे राज्य फुलपाखरू, बसलं तरी पंख थरथरवत राहतं, त्यामुळे 1/1000 च्या खाली जाऊ नये. एफ/8 ते एफ/11 ठेवूनही अर्धा पंख धूसर येतो तेव्हा चूक छिद्राची नसते, कोनाची असते. पंखाचं पान आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर आणा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, पडली की ते गेलं.

पावसाळ्याच्या तोंडावर कर्नाळ्याला तिबोटी खंड्या येतो आणि त्याच्या बिळासमोर लेन्सची भिंत उभी राहते. चोचीत पाल घेतलेला तो फोटो सगळ्यांना हवा असतो. पालक खंड्या फांदीवर खाऊ घेऊन बसून राहिला, बिळाकडे जायला धजत नाही, तर तो आपल्यामुळे. तिथून उठावं. घरट्याचा फोटो चढवताना फाइलमधलं ठिकाण काढून टाकावं. मोबाइलवर आवाज वाजवून नवरंगाला बोलावणं तर साफ बंद करावं. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं सोडून भांडायला येतो.

जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत लेन्स ठेवून कपाट बंद करणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं. धान्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. 30 च्या खाली गेला तर रबर कडक होतं, म्हणून जास्त जेल भरूनही चालत नाही. निळे दाणे गुलाबी झाले की जाड तव्यावर मंद आचेवर परतायचे. हा तवा पोळ्यांचा नसावा. एसीतून एकदम बाहेर आणलेल्या लेन्सवर धुकं धरतं. निघायच्या अर्धा तास आधी बॅग बंद ठेवूनच ती गॅलरीत काढावी.

फोटो साठवताना फोल्डरच्या नावात तारखेबरोबर तिथी, भरतीची वेळ आणि उंची लिहावी: माघ शुद्ध द्वादशी, नऊ दहा, 3.9 मीटर, चाणक्य, वारा पूर्वेचा, पक्षी आठला उतरले. दोन हंगाम असं लिहिलं की कुठल्या तलावावर किती मीटरच्या वर पाणी चढलं की थवे येतात, हे त्या तलावापुरतं आपोआप समोर येतं. एखाद्या वर्षी तेवढीच भरती असूनही तलाव कोरडा आणि पक्षी रस्त्याच्या कडेला उभे दिसले, तर खाडीचं पाणी आत येण्याची वाट कुठेतरी बुजली आहे. तिचा फोटो आधी काढावा, तारीख-वेळेसकट, 24 एमएमच्या रुंद लेन्सने.